नावाची भांडी

बाभुळगावात भांड्याच्या दुकानाचं वर्ष कापसाच्या मागं चालतं. दिवाळीच्या सुमारास पहिल्या वेचणीचा पैसा हातात आला की गिऱ्हाईक घ्यायला येतं. तुळशीचं लग्न लागलं की आंदणाच्या याद्या सुरू होतात. मृग जवळ आला की व्यवहार उलटा फिरतो. बियाणं घ्यायचं असतं, खताची सोय लावायची असते, पीककर्ज अजून हातात पडलेलं नसतं. अशा वेळी घरातलं पितळ पोत्यात भरून आमच्या पायरीशी येतं. आम्ही त्याला मोड म्हणतो. ज्या साली पाऊस दगा देतो, त्याच्या पुढच्या मृगात मोड जास्त येते.

मोड घेणं कसबाचं काम आहे. भांडं आधी हातात तोलायचं, मग बोटानं टिचकी मारायची. पितळ बदबद वाजतं, कासं घुमतं. मग आत पाहायचं, कल्हई किती उरली आहे. बाहेर पाहायचं, डाग कुठं दिला आहे, बुडाला लाख भरली आहे का. त्याप्रमाणं घट कापायची, काट्यावर ठेवायचं, पैसे मोजायचे. पोतं मागच्या खोलीत जातं. व्यापाऱ्याची गाडी आली की ते नागपूर-भंडाऱ्याकडं रवाना होतं. भंडारा म्हणजे आमच्या विदर्भातलं पितळेचं जुनं गाव. तिथं किंवा आणखी कुठं भट्टी पेटते आणि पन्नास घरांचं पितळ एका रसात मिसळतं.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा गल्ल्यावर मामाजी, म्हणजे माझे सासरे, बसत. त्यांना मोडीतलं सगळं कळायचं. भांडं उचलताच वजन सांगायचे आणि काटा त्यांना क्वचितच खोटं पाडायचा. त्यांच्या पश्चात गल्ला माझ्याकडं आला, आणि मोड हातात घेऊन फिरवून पाहणं हे माझं रोजचं काम झालं. फिरवताना बोटांना अक्षरं लागायची. पाण्याच्या गुंडाच्या गळ्याखाली, परातीसारख्या कोपराच्या काठावर, गडव्याच्या पोटावर टिंबाटिंबांनी काढलेली नावं. भट्टीत जाण्याआधी ती शेवटची वाचणारी मीच असायची. ही गोष्ट एकदा मनात आली आणि मग ती भांडी मी बाजूला ठेवू लागले. जुन्या वस्तू जमवण्याचा माझा छंद एवढ्यापुरताच आहे. नाणी, तिकिटं, दिवे, घड्याळं मी जमवत नाही. ज्यावर बाईचं नाव आहे असं घरगुती भांडं, तेवढंच मी ठेवते.

हे नाव टाकण्याची रीत आता नव्या पोरींना सांगावी लागते. पूर्वी भांडं घेतलं की ते नाव टाकल्याशिवाय दुकानाबाहेर जात नसे. लग्नात, पंगतीत, बारशाला घरोघरची भांडी एकत्र यायची. ती परत ज्याची त्याला मिळावीत म्हणून नाव. आंदणाच्या भांड्यावर तर नाव हवंच. आमच्या दुकानाच्या ओट्यावर नाव टाकणारे एक काका बसायचे. मांडीत भांडं धरायचे, खडूनं अक्षरं आखायचे आणि बारीक छिन्नीवर हातोडीचे हलके ठोके देत जायचे. ठोका जड पडला तर भांड्याला पोचा येतो, हलका पडला तर अक्षर दोन वर्षांत घासून जातं. पुढं विजेवर चालणारं मशीन आलं आणि टिंबांच्या जागी सरळ बारीक रेघा आल्या. एखादं भांडं साधारण कोणत्या काळातलं हे त्यावरूनही ताडता येतं.

काळ ओळखायच्या आणखी खुणा आहेत. जुन्या भांड्यावर शक असतो. शकात ७८ मिळवले की इंग्रजी साल निघतं. वर्षाअखेरच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. पुष्कळ भांड्यांवर वजनही कोरलेलं असतं, आणि ते शेरात. आकड्यापुढं एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्यानं बाजारात आले. त्यामुळं वजन शेरात असलं तर भांडं बहुधा साठीच्या आधीचं. ‘चि. सौ. कां.’ असेल तर ते लग्नातलं. ‘ग. भा.’ असेल तर त्या बाईचा नवरा तोवर गेलेला होता. नावापुढं ‘यांजकडून भेट’ असेल तर कुणीतरी भाचीच्या किंवा मैत्रिणीच्या लग्नात दिलेलं.

वर्षानुवर्षं राखेनं आणि काथ्यानं घासून अक्षरं पुसट होतात. ती वाचायची एक पद्धत मी हळूहळू बसवली. भांडं उन्हात वाचू नये, डोळे दिपतात. अंधाऱ्या खोलीत बॅटरी अगदी आडवी धरायची, म्हणजे टिंबांच्या खड्ड्यात सावली पडते आणि नाव वर येतं. तेवढ्यानं नाही भागलं तर रांगोळीची पूड बोटानं चोळून वरची पुसून घ्यायची. खड्ड्यातली तेवढी राहते. मग पातळ कागद लावून पेन्सिल आडवी फिरवायची, की नावाचा ठसा कागदावर उतरतो. चिंच लावून घासायचा मोह आवरावा लागतो. चकचकीत भांडं दुकानात शोभतं, संग्रहात नाही. एकदा जोरात घासलं की एखादं वेलांटीचं टिंब कायमचं जातं, आणि त्या टिंबासोबत नावही बदलतं.

एक गुंड माझ्याकडं आहे, त्याबद्दल जरा सविस्तर सांगते. गळ्याखाली दोन ओळी आहेत. वरची ओळ छिन्नीची: मुलीचं नाव, बापाचं नाव, गाव, शके १८७४ आणि वजन ४॥। शेर. म्हणजे १९५२-५३च्या लगीनसराईतलं भांडं. खालची ओळ मशीनची: दुसऱ्या मुलीचं नाव, दुसरं गाव, १९८१ साल. आणणाऱ्या मावशींना विचारलं तेव्हा कळलं की आजीला आंदणात मिळालेला गुंड तिनं नातीच्या आंदणात दिला होता. एकच भांडं दोनदा सासरी गेलं. मी ते इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं. शेर म्हणजे ८० तोळे, आजचे ९३३ ग्रॅम. पावणेपाच शेरांचे झाले सुमारे ४ किलो ४३० ग्रॅम. काट्यानं १००-१२५ ग्रॅम कमी दाखवले. गुंडाला डाग नव्हता, चीर नव्हती, काठ शाबूत होता. जुन्या आणि नव्या काट्यातला फरक धरला तरी काहीतरी उरतंच. ते पितळ रोज सकाळी विहिरीवर, नंतर नळावर, राखेच्या चिमटीसोबत थोडंथोडं वाहून गेलं होतं. घासणारे हात बायकांचे. घरकामाचं वजन कुणी कधी केलेलं नाही, पण मला ते त्या दिवशी ग्रॅममध्ये पाहायला मिळालं असं आजही वाटतं.

दुसरं एक कोपर आहे. त्याच्या काठावर पहिलं नाव कानशीनं घासून काढलंय आणि त्याच जागी दुसरं टाकलंय. आडनाव आणि गाव तसंच ठेवलं, कारण ते बदलायची गरजच नव्हती. पहिली बायको गेली, दुसरी आली, भांडं तेच राहिलं. कानस नीट फिरलेली नाही. बॅटरी आडवी धरली की पहिल्या नावाचं ‘सु’ अजून दिसतं. सुंदरा, सुभद्रा, सुमन, कोण होती ते सांगणारं घरात कुणी उरलेलं नाही. तिची नोंद मी ‘सु’ एवढीच केली आहे, पण केली आहे.

ही नावं का महत्त्वाची वाटतात ते सांगायला हवं, कारण मी या छंदात रमले ते त्यापायीच. दुकानदारी करताना तहसीलच्या आणि तलाठ्याच्या कागदांशी माझाही संबंध येतो. जुना सातबारा काढा, सावकाराचं खत काढा, इसारपावती काढा. पुरुषांची नावं आजोबा-पणजोबापर्यंत मिळतात. बाई दिसते ती विधवा झाल्यावर, अमक्याची बेवा म्हणून. जातपडताळणीसाठी वंशावळ मांडतात, ती बाप-आजा-पणजा अशी वर चढते. आजी-पणजीची त्यात जागाच नसते. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला आणि देशानं २००५ साली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९०च्या आसपास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि आमच्या भागातल्याही शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. ती मोठी गोष्ट होती. शासकीय कागदांवर स्वतःच्या नावानंतर आईचं नाव लिहिण्याचा राज्याचा निर्णय तर १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठीचा आहे. म्हणजे त्याआधीच्या पिढ्यांमधली बाई स्वतःच्या नावानं लिखित स्वरूपात कुठं सापडेल? शेताच्या कागदावर नाही, घराच्या दारावर नाही. ती सापडते गुंडावर, कोपरावर, परातीवर. कित्येक घरांत तिचं नाव लिहिलेली तेवढीच एक जागा होती, आणि ती जागा आम्ही किलोच्या भावानं वितळवत आलो आहोत.

हे मला एका आजींनी शिकवलं. मृगाच्या तोंडावर त्या मोड घेऊन आल्या होत्या. मी नाव वाचायला लागले तशा म्हणाल्या, “बाई, वजन करा अन् पैसे द्या. नावाले काय चाटाचं हाये?” मी वजन केलं, पैसे दिले. उठताना त्यांनी एका गडव्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “थे मायी माय हाये जी.” मी गडवा परत पुढं केला. त्यांनी घेतला नाही. घरी सुनेनं स्टील मांडलं होतं आणि बियाण्याला पैसे कमी पडत होते. पण आईचं नाव, माहेरचं गाव, ती कोणत्या साली गेली, शेतात काय पेरत असत, एवढं सगळं पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. लिहायला त्यांना येत नव्हतं. मी लिहून घेतलं. तेव्हापासून भांड्याइतकीच वही मोलाची झाली. भांडं कुणाकडून आलं, त्यावर काय कोरलंय, ती बाई आणणाऱ्याची कोण, कोणत्या गावाहून कोणत्या गावी आली, भांड्यात काय शिजायचं किंवा भरायचं, हे मी त्याच बैठकीत लिहिते. मागाहून विचारू म्हटलं की माणूस भेटत नाही.

गावांची नावंही या भांड्यांवर टिकली आहेत. आमच्याच तालुक्यात खडक सावंग्याजवळ बेंबळा नदीवर धरण झालं आणि बुडीत क्षेत्रातली वस्ती उठून पुनर्वसनात गेली. घरं मोडताना लाकूड, कवाडं, जाती, पितळ असं पुष्कळ काही बाहेर पडलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जे मावेल ते नवीन जागी गेलं, बाकीचं विकलं गेलं. त्या काळात पंचांची भांडीही मोडीत निघाली. पूर्वी गावाच्या वर्गणीतून मोठे गंज, पराती, घंगाळं घेत आणि त्यावर ‘समस्त पंच’ आणि गावाचं नाव कोरत. लग्न कुणाच्याही घरचं असो, भांडी पंचांची. नव्या जागी मंडपवाला सगळं भाड्यानं देतो. अशा भांड्यावर बाईचं नाव नसलं तरी ते मी ठेवते. त्यात स्वयंपाक रांधणाऱ्या बायका सगळ्या गावच्या होत्या.

माझ्या संग्रहाची मोठी मर्यादा मला ठाऊक आहे. पितळ ज्यांना परवडलं त्यांच्याच बायका त्यात आल्या. शेतमजुराच्या घरी मातीची भांडी होती, नंतर जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, आली. कोलाम, गोंड, पारधी वस्त्यांवरून दुकानात पितळ येणं विरळाच. म्हणून जर्मनचा गंज आला आणि त्यावर खिळ्यानं दोन अक्षरं जरी ओरखडलेली असली, तरी मी तो बाजूला ठेवते. बाजारात त्याला कवडीचा भाव नाही. अशा गंजांवर कधी नावाऐवजी नुसती फुली असते, कधी तीन रेघा. लिहिता न येणाऱ्या बाईनं स्वतःचं भांडं ओळखायला केलेली ती खूण आहे. वहीत मी ती खूण जशीच्या तशी काढते.

या छंदाला वाट दाखवणारी माणसं आधी होऊन गेली आहेत. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय मी पाहिलं तेव्हा दिवसभर बाहेर पडावंसं वाटलं नाही. दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६-१९९०) १९२०च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं आणि पुढं तो सगळा ठेवा महाराष्ट्र शासनाकडं सोपवला. त्यांच्या या कामात कमलाबाई केळकरांची साथ होती. मला तिथं अडकित्ते, दिवे आणि वज्र्या पाहताना समाधान वाटलं. पाय घासायची वज्रीसुद्धा जपून ठेवण्याजोगी असते हे त्या माणसानं पटवलं. अहमदाबादजवळ ‘विशाला’मध्ये सुरेंद्र पटेलांनी १९८१ साली भांड्यांचंच संग्रहालय उभं केलं. आमच्याजवळ वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेलं; चरखे आणि खेड्यातली अवजारं तिथं आहेत. ही मोठी कामं आहेत. तालुक्याच्या गावात एका दुकानामागच्या खोलीत होणारं काम त्याहून लहान असलं तरी ते इथंच होऊ शकतं, कारण आणणारी बाई इथं पायरीवर बसलेली असते आणि तिला लगेच विचारता येतं.

नवीन कुणी या वाटेला येत असेल तर माझे नियम सांगते. पहिला, नावाचं भांडं म्हणून भाव पाडायचा नाही आणि चढवायचाही नाही. मोडीचा जो दर त्या दिवशी असेल तोच. भाव चढवला की जुन्या भांड्यांवर नवी नावं टाकून आणणारे निघतात. दुसरा, आणणाऱ्या घरानं पुढं कधीही भांडं परत मागितलं तर घेतलेल्याच पैशात द्यायचं. तिसरा, देवघरातल्या मूर्ती, टाक घ्यायचे नाहीत. ते कुणाच्या घरातून न विचारता उचललेले असू शकतात, देवळातले असू शकतात. चौथा, कायदा जाणून घ्यायचा. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा १९७२ सालचा आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू त्याखाली येऊ शकतात. त्यांचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. नांगराच्या तासाला किंवा पाया खणताना धन सापडलं तर त्यासाठी १८७८चा निखात निधी कायदा आहे. ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मोठ्या शहरांतले हौशी लोक कधी येतात, दिवाणखान्यात ठेवायला घंगाळ मागतात. साधं घंगाळ मी आनंदानं विकते. नावाचं विकत नाही.

दुसरा नियम कामी येतो हे पाहून फार बरं वाटतं. धामणगावच्या वाटेवरच्या एका गावातला मुलगा लग्न ठरल्यावर आला. आजीचं काही आहे का म्हणाला, आईनं सांगितलं होतं की वाटण्या झाल्या तेव्हा इथं मोड घातली होती. वहीत गाव काढलं, नाव मिळालं, परात मिळाली. त्यानं ती लग्नात वापरली आणि नंतर बायकोचं नावही त्यावर टाकायचं ठरवलं. मी मशीन काढलं, पण त्याची बायको म्हणाली, छिन्नीनं टाका, वरच्या ओळीसारखं. नाव टाकणाऱ्या काकांची छिन्नी मी जपून ठेवली आहे. त्यांचा हात मला नाही, तरी जमेल तसं टाकलं. शाळेतल्या मुलीही येतात. ‘माझी पणजी’ असा विषय मिळाला की घरी कुणाला नाव सांगता येत नाही, मग त्या वही चाळतात. कधी सापडतं, बहुतेकदा नाही. पण घरी जाऊन त्या माळ्यावरची भांडी उलटीपालटी करून पाहतात आणि त्यातून एखादं नाव वहीत नव्यानं येतं, भांडं त्यांच्याच घरी राहून. संग्रह वाढायचा हा मला सगळ्यात चांगला मार्ग वाटतो.

पितळ सांभाळायला जागा लागते, कल्हईवाला आता सहजी मिळत नाही, गॅसच्या शेगडीवर जड बुडाचं तपेलं परवडत नाही, हे मला कळतं. मी स्वतः स्टीलच विकते. पैशाची नड असेल तर मोड घालण्यात कमीपणा काही नाही; आंदण बाईच्या अडीअडचणीसाठीच दिलेलं असतं. माझं मागणं एवढंच आहे की भांडं काट्यावर ठेवण्याआधी अंधाऱ्या खोलीत बॅटरी आडवी धरून त्यावरचं नाव वाचा. ते वहीत उतरवा, गाव आणि साल असेल तर तेही. आणि त्या नावाची बाई कोण होती, ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा.